शेवटचे दहा मीटर: वसंतातल्या जंगलात डबा शोधताना फुलं आणि प्राणी कसे पाहावेत

फोन सांगत होता, डबा चार मीटरवर आहे. मी एका कुजक्या ओंडक्यापाशी गुडघे टेकून बसलो होतो, एक हात ओंडक्याखाली आणि नजर फोनवर. काही लागेना म्हणून मागे सरकलो, तर टाचेखाली काहीतरी चुरडलं. पाहिलं तर तपकिरी ठिपक्यांची हिरवी पानं. ट्राउट लिली. या झाडाला बी रुजल्यापासून पहिलं फूल यायला चार ते सात वर्षं लागतात. त्या ओंडक्याभोवती मी तीन प्रदक्षिणा घातल्या होत्या आणि माझ्या बुटांची गोल वाट पाचोळ्यात स्वच्छ उमटली होती. डबा शेवटी सापडला तो भलतीकडेच, पायवाटेलगतच्या एका बुंध्याच्या ढोलीत. वाटेवर उभं राहून हात घातला असता तरी मिळाला असता.

त्या दिवसापासून मी जिओकॅशिंगची, म्हणजे जीपीएसच्या आधाराने लपवलेले डबे शोधण्याच्या खेळाची, सगळी पद्धत उलटी केली. आधी जंगल पाहायचं, डबा शेवटी. ज्यांना दोन्ही जमवायचं आहे त्यांच्यासाठी ही पद्धत सुरुवातीपासून सांगतो. जंगल म्हणजे इथे उत्तर अमेरिका आणि युरोपातलं पानगळीचं जंगल, जिथे हिवाळ्यात झाडं पूर्ण उघडी होतात आणि वसंतात जमीन आधी फुलते, झाडं नंतर पालवतात.

आधी खेळाची ओळख. ‘कॅश’ शब्द ऐकून मराठी माणसाला नोटा आठवतात, पण ही कॅश म्हणजे लपवलेला साठा. मे २००० च्या सुरुवातीला अमेरिकी सरकारने जीपीएसच्या नागरी सिग्नलमध्ये मुद्दाम ठेवलेली चूक काढून टाकली आणि साध्या यंत्रांची अचूकता एका रात्रीत सुमारे दहापट वाढली. लगेच ३ मे रोजी डेव्ह अल्मर यांनी ऑरेगन राज्यातल्या बीव्हरक्रीकजवळ एक बादली लपवून तिचे अक्षांश-रेखांश इंटरनेटवर टाकले. बादलीत पुस्तकं होती, एक बेचकी होती आणि घेवड्याच्या दाण्यांचा एक डबाही होता. आज मात्र कुठल्याही कॅशमध्ये खाण्याची वस्तू ठेवायला बंदी आहे, कारण वासाने प्राणी येतात आणि डबा फोडतात. बाकी नियम साधा: डबा शोधा, वहीत नाव लिहा, आतली वस्तू घेतलीत तर तितक्याच किंवा जास्त मोलाची ठेवा, आणि डबा होता तसा परत लपवा.

दिवस कुठला निवडायचा

जमिनीवरच्या रानफुलांना मोजके आठवडे मिळतात. बर्फ वितळल्यापासून माथ्यावरची पालवी दाट होईपर्यंत ऊन थेट जमिनीपर्यंत पोचतं. तेवढ्यात उगवायचं, फुलायचं, बी धरायचं आणि पुढच्या वर्षीचं अन्न कंदात भरून ठेवायचं. उन्हाळा लागेपर्यंत त्यातल्या कित्येकांची पानंसुद्धा जमिनीवर दिसत नाहीत. त्यामुळे तारीख पाहून जाऊ नका, झाडं पाहून जा. फांद्यांवरच्या कळ्या फुगल्या आहेत पण पानं अजून उंदराच्या कानाएवढीही झाली नाहीत, तो आठवडा माझ्या मते सर्वात चांगला. दक्षिणेकडच्या उतारावर फुलं आधी येतात, उत्तरेकडच्या उतारावर उशिरा. एकाच टेकडीच्या दोन बाजूंना जाऊन फुलांचा हंगाम लांबवता येतो.

वेळ सकाळची. पण फुलांसाठी फार पहाटे जाण्यात अर्थ नाही. ब्लडरूट, वुड अ‍ॅनिमोनी, ट्राउट लिली ही फुलं रात्री किंवा ढगाळ हवेत मिटलेली असतात, ऊन लागलं की उघडतात. पक्ष्यांचं उलट, ते उजाडताना सर्वात जास्त गातात. म्हणून मी पहाटे पक्ष्यांसाठी निघतो, दहाच्या सुमारास फुलांकडे वळतो आणि डबा त्यानंतर.

डब्याचं पान नीट वाचा

जिओकॅशिंगच्या अ‍ॅपवर प्रत्येक डब्याला दोन आकडे असतात, १ ते ५ या पट्टीवर, अर्ध्या-अर्ध्या टप्प्याने. पहिला शोधायला किती अवघड, दुसरा तिथवर पोचायला किती अवघड. दुसऱ्यात १ म्हणजे चाकाची खुर्ची जाईल इतकी सोपी वाट, ५ म्हणजे दोर किंवा होडी असं काहीतरी खास लागणार. वसंतात निघालेल्या नवख्याने दोन्ही आकडे २ च्या आत ठेवावेत. शोधण्यात कमी वेळ गेला की पाहायला जास्त उरतो.

आकार पाहा. १०० मिलिलिटरपेक्षा लहान तो ‘मायक्रो’. जुन्या फिल्मची डबी या प्रकारात येते. १०० मिलिलिटर ते १ लिटर ‘स्मॉल’, १ ते २० लिटर ‘रेग्युलर’. फुलांच्या दिवसांत जंगलातला मायक्रो मी सरळ सोडून देतो. एवढीशी डबी शोधायला माणूस अर्धा तास तेच चार मीटर तुडवत बसतो, आणि नुकसान नेमकं तिथेच होतं. मोठा डबा दोन मिनिटांत दिसतो.

मग आधी शोधून गेलेल्यांच्या शेवटच्या पाच-सहा नोंदी वाचा. “वाटेपासून तीन पावलांवर” अशी नोंद असेल तर उत्तम. “भोवती सगळं तुडवलं गेलंय” असं कुणी लिहिलं असेल तर तो डबा शरद ऋतूसाठी ठेवा. सलग तीन जणांना सापडला नसेल तर तो बहुधा जागेवर नाहीच. डबा कुठे आहे ते सुचवणारा इशारा उलगडून वाचण्यात कमीपणा मानू नका. रोमन अक्षरं तेरा-तेरा घरं सरकवून तो लिहिलेला असतो आणि अ‍ॅप एका टिचकीत सोडवून देतं. मी हल्ली निघण्यापूर्वीच वाचतो.

जागेचे नियमही तपासा. अनेक राखीव जंगलांत डबे ठेवायला परवानगी नसते, काही वाटा विणीच्या हंगामात बंद असतात. जिथे डबा चालत नाही तिथे ‘अर्थकॅश’ असू शकते. तिच्यात डबा नसतोच, एखादा खडक किंवा दरी निरखून प्रश्नांची उत्तरं द्यायची असतात.

अक्षांश-रेखांशाचे आकडे हाताने भरणार असाल तर एक गोष्ट सांभाळा. जिओकॅशिंगमध्ये स्थान अंश आणि दशांश मिनिटांत लिहितात. १७.४६० मिनिटं म्हणजे १७ मिनिटं ४६ सेकंद नव्हेत, साधारण १७ मिनिटं २८ सेकंद. अक्षांशात एवढी गल्लत झाली तर तुम्ही साडेपाचशे मीटरहून जास्त चुकता आणि भलत्याच ओढ्यात उभे राहता.

सोबत काय घ्यायचं

फोन पुरतो, वेगळं यंत्र लागत नाही. नकाशा आणि डब्याची माहिती घरूनच उतरवून घ्या, कारण जंगलात नेटवर्कचा भरवसा नसतो. फोन एअरप्लेन मोडवर ठेवलात तरी जीपीएस चालतं आणि बॅटरी खूप टिकते. पॉवर बँक घ्याच, आणि चालणारं पेन. डब्यातली पेनं गारठलेली किंवा सुकलेली असतात.

दुर्बीण ८×४२ ची. आठपटीपेक्षा जास्त मोठं दाखवणारी दुर्बीण हातात थरथरते, आणि झाडीत पक्षी शोधायला रुंद दृश्य लागतं. दहापटीचं छोटं भिंगही घ्या. फुलाच्या आत डोकावलात की दहा मिनिटं कुठे गेली कळत नाही. याशिवाय लांब बाह्या, लांब पँट, मोजे पँटवर ओढलेले, बारीक टोकाचा चिमटा, पाणी, आणि कचऱ्यासाठी एक रिकामी पिशवी. परतताना वाटेवरचा कचरा उचलून आणायची या खेळात २००२ पासून रीतच पडली आहे.

वाटेवर: फोन खिशात

डबा एक किलोमीटरवर असेल तर पहिले नऊशे मीटर फोनची गरज नाही. बाण सरळ रेषेत दाखवतो आणि सरळ रेषा म्हणजे दलदल, काटे आणि कुणाचं तरी घरटं. पायवाट धरा. अंतर वाढताना दिसलं तरी धरून राहा, वळणानंतर ते कमी होतं.

शंभर पावलं चाला, मग थांबा. दोन मिनिटं काही करू नका. तुमच्या पावलांनी गप्प झालेलं जंगल तेवढ्यात परत बोलू लागतं. आधी कान वापरा. सुतारपक्षी वसंतात पोकळ फांदीवर चोच बडवतो ते पुष्कळदा हद्द जाहीर करण्यासाठी, त्यामुळे तो आवाज जलद आणि एकसारखा येतो. खाणं शोधतानाची टकटक थांबत-थांबत येते. उत्तर अमेरिकेत पहिल्यांदा रफ्ड ग्राउस हा पक्षी ऐकलात तर फसाल. दूर कुणीतरी जुनी मोटार सुरू करायला धडपडतंय असं वाटतं: धप्, धप्, धप-धप, मग घरघर, मग शांत. ओंडक्यावर उभा राहून तो नर पंखांनी हवा बडवत असतो. मी एकदा चक्क रस्ता जवळ आला समजून दिशा बदलली होती.

बदकांचा कळप गलका करतोय असं वाटलं आणि आसपास तळं नसेल, तर बर्फाच्या पाण्याचं एखादं डबकं शोधा. तो वुड फ्रॉग असणार. हा बेडूक हिवाळ्यात पाचोळ्याखाली अक्षरशः गोठतो, हृदय थांबतं, आणि वसंतात वितळून थेट लग्नाला निघतो. अशी डबकी उन्हाळ्यात आटतात म्हणून त्यांत मासे नसतात, आणि मासे नाहीत म्हणून अंडी सुरक्षित राहतात. काठावरून पाहा, पाण्यात पाय घालू नका. अंड्यांचे पारदर्शक गोळे काठालगतच्या बुडालेल्या फांद्यांना चिकटलेले असतात.

पक्ष्यांचे आवाज ओळखायला मर्लिन अ‍ॅप चांगलं आहे. पण तेच आवाज वाजवून पक्ष्याला जवळ बोलावू नका. विणीच्या दिवसांत तो आपल्या हद्दीत परका शिरला समजतो आणि घरटं सोडून भांडायला येतो.

फुलं ओळखणं

फुलाच्या रंगावरून सुरुवात करू नका, पानांवरून करा. पाकळ्या दोन दिवसांत गळतात, पानं आठवडे टिकतात. ब्लडरूटचं फूल तर इतकं क्षणभंगुर की जोराचा वारा आला की संपलं. पण त्याचं एकुलतं, खाचांचं पान आधी कळीला शालीसारखं लपेटून वर येतं आणि नंतर तळहाताएवढं मोठं होतं. ते एकदा ओळखता आलं की फूल नसतानाही झाड कळतं.

ट्रिलियमचा हिशेब तीनचा: तीन पानं, तीन हिरवी निदलं, तीन पाकळ्या. पांढऱ्या मोठ्या ट्रिलियमच्या पाकळ्या जुन्या होताना गुलाबी होतात, त्यामुळे एकाच ताटव्यात दोन रंग दिसले तरी जात एकच असू शकते. त्याला पहिलं फूल यायला सात किंवा जास्त वर्षं लागतात. बी पसरवतात मुख्यतः मुंग्या. बीला चिकटलेला स्निग्ध तुकडा खायला त्या बी वारुळात नेतात आणि उरलेलं बाहेर टाकतात. मुंगीच्या चालीने पसरणारं झाड एखाद्या जागेवरून नाहीसं झालं की परत यायला पिढ्या जातात. फूल तोडताना बहुधा पानंही हाती येतात, आणि पानं गेली की कंदाचं त्या वर्षीचं अन्नच गेलं.

ट्राउट लिलीच्या ताटव्यात फुलं इतकी कमी का, असा प्रश्न पडेल. खाली वाकून मोजा. एकच पान असलेली झाडं अजून फुलायच्या वयाची नाहीत. दोन पानं असतील त्यालाच फूल येतं. शेकडो एकपानी झाडांत पाच-दहा पिवळी फुलं मान खाली घालून असतात.

युरोपात निळ्या ब्लूबेलच्या गालिच्यात बसून फोटो काढायचा मोह आवरा. तिची पानं मऊ असतात, एकदा दबली की त्या वर्षीपुरतं काम थांबतं. अस्सल स्थानिक ब्लूबेलची घंटा एका बाजूला झुकलेली आणि पराग मलईच्या रंगाचे. दांडा ताठ, फुलं चहूबाजूंनी आणि पराग निळसर असतील तर ती स्पॅनिश किंवा संकर. वुड अ‍ॅनिमोनी जमिनीखालच्या खोडांनी इतकी सावकाश पसरते की शंभर वर्षांत जेमतेम दोन मीटर सरकते. तिचा मोठा ताटवा दिसला तर ते जंगल फार जुनं आहे असं धरून चालायला हरकत नाही.

ओळखीसाठी फोटो चार: फूल समोरून, फूल बाजूने, पान, आणि दांडा जमिनीला मिळतो तिथे. शेजारी पेन धरा म्हणजे आकार कळतो. आणि फोटोवरून झालेल्या ओळखीच्या भरवशावर काहीही तोंडात घालू नका. रानलसणाची पानं आणि विषारी लिली ऑफ द व्हॅलीची पानं शेजारी-शेजारी वाढतात आणि चांगली जाणकार माणसंही त्यात फसली आहेत.

प्राणी दिसला तर

आधी खुणा दिसतात. घुबड हाडं-केस पचवू शकत नाही, त्याची करड्या रंगाची गोळी ओकून टाकतं. अशी गोळी बुंध्याशी सापडली तर वर पाहा. ओल्या मातीत हरणाचा खूर दोन फाकांचा उमटतो, कोल्ह्याचा पंजा लांबट आणि नखांसकट.

अंतरासाठी अंगठ्याची युक्ती वापरा: हात सरळ करून अंगठा धरा, प्राणी अंगठ्यामागे पूर्ण झाकला गेला तर अंतर ठीक. अमेरिकेच्या बहुतेक राष्ट्रीय उद्यानांत अस्वल-लांडग्यांपासून सुमारे ९१ मीटर आणि बाकी प्राण्यांपासून २३ मीटर दूर राहण्याचा नियम असतो. प्राण्याने चरणं थांबवून तुमच्याकडे पाहिलं म्हणजे तुम्ही आधीच जास्त जवळ आहात.

गवतात एकटं पाडस दिसलं तर हात लावू नका. ते टाकलेलं नसतं. त्याला वास जवळजवळ नसतो म्हणून आई मुद्दाम दूर थांबते आणि दिवसातून काही वेळा दूध पाजायला येते. तुम्ही उभे असाल तोवर ती येणार नाही. पाठ फिरवा आणि निघा.

शेवटचे दहा मीटर

आता फोन बाहेर काढा. मोकळ्या आकाशाखाली फोनची चूक साधारण पाच मीटर असते, झाडांखाली त्याहून जास्त, आणि डबा लपवणाऱ्याच्या यंत्राचीही चूक तीत मिसळते. म्हणून अंतर दहा मीटरच्या आत आलं की बाणाचा पाठलाग सोडा. तो नाचवत राहील आणि तुम्ही वर्तुळं काढाल. वाटेवरच उभे राहा आणि स्वतःला विचारा, मी असतो तर कुठे लपवला असता? नेहमीच्या जागा ठरलेल्या आहेत: बुंध्याची ढोली, पडलेल्या झाडाचं मूळ, दोन खोडांची बेचकी. सर्वात मोठी खूण म्हणजे एकाच लांबीच्या काटक्या शिस्तीत रचलेल्या. निसर्ग इतका नीटनेटका नसतो.

जागा हेरली की पाय कुठे टाकायचा ते पाहा: दगड, उघडी माती, जाड ओंडका. गटात असाल तर एकानेच आत जावं, बाकीच्यांनी वाटेवरून सांगावं. डबे पुरायला नियमाने बंदी आहे, तेव्हा माती उकरायचं कारणच नाही.

ढोलीत हात घालण्याआधी काठी घाला. साप, गांधीलमाशी, घरटं, काहीही असू शकतं. ओंडका उचलायचाच झाला तर पलीकडची कड आपल्याकडे ओढून उचला, म्हणजे खाली जे काही असेल त्याला तुमच्यापासून दूर पळता येतं. तिथे सॅलॅमँडर, म्हणजे पालीसारखा दिसणारा उभयचर प्राणी, असू शकतो. त्यांच्या कित्येक जातींना फुप्फुसं नसतात, ते ओल्या कातडीने श्वास घेतात. सनस्क्रीन किंवा सॅनिटायझर लावलेला हात त्यांच्यासाठी विष ठरतो. पाहा, आणि ओंडका हलकेच होता तसा ठेवा.

उत्तर अमेरिकेत तीन-तीन पानांची चकचकीत, वसंतात लालसर कोवळी वेल दिसली तर ती पॉइझन आयव्ही समजा. बिनपानांची केसाळ वेल झाडाला चिकटलेली असेल तीही तीच. तिच्या तेलाने अंगावर फोड येतात. स्पर्श झालाच तर लगेच साबणाने धुवा, आणि फोन व काठीही पुसा, नाहीतर तेच तेल संध्याकाळी चेहऱ्यावर जातं.

पंधरा मिनिटांत सापडला नाही तर थांबा. घरी जाऊन ‘सापडला नाही’ अशी नोंद करा. त्यात लाज नाही आणि डब्याच्या मालकाला तिचा उपयोग होतो. सापडला तर वहीत तारीख आणि नाव लिहा, झाकण घट्ट लावा, ज्या पावलांवरून आत गेलात त्याच पावलांवरून परत या.

घरी आल्यावर

नोंद लिहिताना वाटेचं वर्णन करा, पण दुर्मीळ ऑर्किड किंवा घुबडाचं घरटं दिसलं असेल तर तिथे लिहू नका. डब्याचं पान हजारो लोक अचूक स्थानासकट वाचतात. ते निरीक्षण आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर टाका. धोक्यातल्या जातींचं नेमकं ठिकाण तिथे आपोआप धूसर केलं जातं. इतरत्र फोटो टाकण्याआधी त्यातलं स्थान काढून टाका.

आणि अंग तपासा. वसंतातल्या गोचिडीची पिल्लं खसखशीच्या दाण्याएवढी असतात. गुडघ्यामागे, काखेत, कंबरेच्या पट्ट्याखाली, कानामागे, केसांत बोट फिरवा. सापडली तर चिमट्याने कातडीच्या अगदी लगत धरून सरळ वर ओढा. तेल, काडी, व्हॅसलिन असले उपाय नकोत. लाइम रोगाचे जंतू अंगात यायला ती बहुधा चोवीस तासांहून जास्त चिकटून राहावी लागते, म्हणून हे त्याच रात्री करायचं. कपडे कोरडे असतील तर ड्रायरमध्ये कडक उष्णतेवर दहा मिनिटं फिरवले की राहिलेल्या गोचिडी मरतात. मोजे आधी टाका. माझ्या अनुभवात निम्म्या तरी तिथेच निघतात.